आपल्या बल्लारशाहची डिझेल इंजिने

मित्रहो, आपण १९८४ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली तेव्हा बल्लारशाह स्टेशनवर विजेच्या तारा नव्हत्या. प्लॅटफॉर्मवर उभे राहून वर पाहिले की आकाश दिसायचे आणि त्या आकाशात एक काळा पट्टा बहुधा असायचाच. तो धूर पेपर मिलचा की इंजिनाचा, यावर मधल्या सुट्टीत पैजा लागत. वाऱ्याची दिशा बघून मी त्या बऱ्याचदा जिंकायचो, असे आठवते.

आज मी लिहिणार आहे ते त्या इंजिनांबद्दल. वाफेच्या इंजिनांवर सगळेच हळवे होऊन लिहितात. त्यांची छायाचित्रे दिनदर्शिकांवर येतात, ती शहरातल्या चौथऱ्यांवर रंगवून ठेवली जातात. विजेच्या इंजिनांचे कौतुक सरकार करते. मधल्या मधे डिझेल इंजिन राहून गेले. वास्तविक आपल्या पिढीचे इंजिन तेच. आपल्या वडिलांच्या कपड्यांना कोळशाचा वास होता, आपल्या काळात तो डिझेलचा झाला, आणि आपल्या मुलांना रेल्वेला वास असतो हेच माहीत नाही.

आधी गावाची जागा समजून घेऊ, म्हणजे इंजिनांचा मुद्दा कळेल. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा एकोणिसाव्या शतकात टाकला गेला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. पुढे तो चांदा आणि बल्लारशाहपर्यंत आला आणि बरीच वर्षे तिथेच थांबला. पलीकडे निजामाचे राज्य, वर्धा नदी आणि जंगल. १९२९ मध्ये काझीपेट–बल्लारशाह ही जोडणी पूर्ण झाली आणि दिल्लीहून मद्रासला जाण्याचा सरळ रस्ता मोकळा झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेसचा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे ज्या गावात रूळ संपत होते, ते एकाएकी देशाच्या उत्तर-दक्षिण रस्त्यावरचे महत्त्वाचे ठाणे झाले. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे वेगळी झाली आणि बल्लारशाह दोन रेल्वेंच्या हद्दीवर आले. इकडे मध्य रेल्वे, नदीकडे दक्षिण मध्य. गाडीचे ड्रायव्हर, गार्ड इथे बदलायचे. आपल्या वर्गात मराठी, तेलुगू, हिंदी आणि तमिळ बोलणारी मुले एका बाकावर बसत होती, त्याचे कारण हे.

आता मोठ्या इंजिनाकडे येतो. ज्याला आपण सरसकट ‘डिझेल’ म्हणायचो त्याचे खरे नाव डब्ल्यूडीएम-२. हे नाव कोड्यासारखे वाटते, पण उकल सोपी आहे. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ अर्थात ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र काम, प्रवासी गाडीही ओढायची आणि मालगाडीही. २ म्हणजे त्या जातीतले दुसरे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडी गावी अल्को नावाची कंपनी होती, तिचे हे डिझाइन. १९६२ मध्ये पहिली इंजिने जहाजातून भारतात आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच जनरल मोटर्सचीही इंजिने, डब्ल्यूडीएम-४, आपण घेतली होती. १९६९ मध्ये हावडा–नवी दिल्ली ही पहिली राजधानी एक्सप्रेस ओढली ती त्यांनीच, आणि जाणकारांत ती इंजिने सरस होती असे म्हणणारे आजही भेटतात. पण भारताला नुसती इंजिने नको होती, ती इथे बनवण्याची विद्या हवी होती. ती द्यायला अल्को तयार झाली. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. त्याचे नाव ‘कुंदन’, क्रमांक १८२३३. मला या निवडीचे फार कौतुक वाटते. अल्को १९६९ मध्ये बंद पडली, पण तिचे इंजिन वाराणसीत पुढे तीसेक वर्षे तयार होत राहिले. अडीच हजारांहून अधिक बनली. गुरूची शाळा बंद झाली आणि शिष्याची चालू राहिली, असा प्रकार.

या इंजिनाचे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, थोडे सोसून घ्या. वजन सुमारे ११३ टन. सहा आस, म्हणजे बारा चाके. सोळा सिलिंडर, व्ही आकारात आठ-आठच्या दोन रांगा. ताकद २६०० अश्वशक्ती. टाकीत पाच हजार लिटर डिझेल. कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. पण खरी गंमत पुढे आहे. हे डिझेल इंजिन चाके थेट फिरवतच नाही. ते जनरेटर फिरवते, जनरेटरची वीज चाकांजवळच्या सहा मोटरींना जाते आणि चाके फिरवतात त्या मोटरी. म्हणजे आपण ज्याला डिझेल इंजिन म्हणतो ते मुळात रुळांवर चालणारे छोटे वीजघर आहे. आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, हवा इतकी दाबतात की ती तापून इंधन आपोआप पेटते, असे फळ्यावर काढून दाखवले होते, ते अनेकांना आठवत असेल. मला त्या दिवशी पहिल्यांदा विज्ञान आणि स्टेशन एकाच गावात असल्याची जाणीव झाली.

आणि तो काळा धूर. मालगाडी सुटताना डोक्यावरून कारंजे उडाल्यासारखा जो लोट यायचा, त्याचे कारण फार कमी लोकांना माहीत असते. या इंजिनात जादा हवा कोंबणारा एक पंखा असतो, त्याला टर्बो म्हणतात. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ इंधन जास्त आणि हवा कमी. न जळलेले इंधन काळा धूर होऊन बाहेर येते. टर्बो वेगात आला की धूर पातळ होतो. नॉच एकूण आठ. कोळशाची भरलेली गाडी ओढताना ड्रायव्हर एकेक नॉच चढवत जायचा आणि प्रत्येक नॉचला आवाज बदलायचा, धूर उसळायचा, मग ओसरायचा. डोळे मिटून नॉच मोजता येत असत. आमच्या आळीतली दोन-तीन मुले त्यात तरबेज होती.

रात्रीचा आवाज वेगळा. हे इंजिन बॅटरीवर सुरू करावे लागते आणि एवढे सोळा सिलिंडरचे धूड हलवायचे म्हणजे बॅटरीची परीक्षाच. म्हणून थोड्या वेळासाठी ते कोणी बंद करीत नसे. यार्डात उभे असलेले इंजिन रात्रभर मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या संथ लयीत धुगधुगत राहायचे. रेल्वे क्वार्टरमधल्या मुलांना त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. पुण्याला शिकायला गेल्यावर पहिले काही दिवस झोप लागली नाही, त्याचे कारण मला घरची आठवण वाटली होती. घरची होतीच, पण तिच्यात इंजिनही होते.

कोळशाच्या जिल्ह्यात तेलाचे इंजिन कशाला, हा प्रश्न वाजवी आहे. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, सगळीकडे पायाखाली कोळसा. तरी वाफेचे इंजिन गेले. कारण ते कोळशातली बहुतेक उष्णता धुराड्यातून वाया घालवत असे. शंभरातले सात-आठ भाग कामी आले तरी पुष्कळ. शिवाय ठरावीक अंतरावर पाणी, ठरावीक वेळाने आग साफ करणे, राख काढणे. डिझेलला यातले काही नको. आणि माणसाचा हिशेब वेगळा. चांद्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि फायरमन भट्टीच्या तोंडाशी उभा राहून फावड्याने टनावारी कोळसा टाकतोय. वाफेच्या इंजिनांवर सुंदर लेख लिहिणाऱ्यांपैकी कोणी मे महिन्यात बल्लारशाह ते वर्धा फावडे मारले असेल असे वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांचे वडील फायरमन होते त्यांनी डिझेल आले तेव्हा घरात काय बोलले गेले ते आठवून पाहावे. आमच्या शेजारच्या काकूंचे म्हणणे एका वाक्याचे होते: आता कपडे एकदाच धुवावे लागतात.

दक्षिणेकडे जाणाऱ्या मोठ्या गाड्यांचा थाट आपण डोळ्यांनी पाहिला आहे. आंध्र प्रदेश एक्सप्रेस आणि तमिळनाडू एक्सप्रेस १९७६ मध्ये सुरू झाल्या. या गाड्यांना अनेकदा दोन-दोन डब्ल्यूडीएम-२ जोडलेली असत, पुढच्या इंजिनातला ड्रायव्हर दोन्ही एकत्र चालवायचा. दोन्हींचे मिळून बत्तीस सिलिंडर एकदम नॉच घेत तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या चहाच्या कपबशा किणकिणत. इंजिनाच्या अंगावर शेडचे नाव लिहिलेले असे: काझीपेट, इटारसी. न पाहिलेल्या गावांची नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी इंजिनांवर वाचली.

एक विषयांतर करतो. मराठीत मालडब्याला ‘वाघीण’ म्हणतात. वृत्तपत्रात ‘कोळशाच्या ५८ वाघिणी रवाना’ असे छापून आले की बाहेरगावच्या वाचकाला चंद्रपूरबद्दल काय वाटत असेल, देव जाणे. आपल्याकडे दोन्ही वाघिणी आहेत, आणि दुर्दैवाने त्यांची गाठही पडते. ते पुढे येईल.

आता छोटी लाइन. मला खरे तर हिच्याबद्दलच लिहायचे होते.

गोंदियाहून अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करीत चांदा फोर्टपर्यंत येणारी ही नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बांधली. नागभीडहून एक फाटा नागपूरला. रुळांतले अंतर अडीच फूट. वाघ, बांबू, सागवान, तांदूळ आणि तेंदूपाने यांच्या मधून जाणारी ही गाडी. चांदा फोर्टला ती संपायची. मोठ्या लाइनचे चंद्रपूर स्टेशन गावाच्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळे प्रवाशाने टांगा किंवा रिक्षा करून एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत जायचे. आजही गंमत अशी की चंद्रपूर स्टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आणि चांदा फोर्ट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. एकाच गावातली दोन स्टेशने, दोन रेल्वे, आणि दोघांच्याही विभागाचे नाव नागपूर. बाहेरच्या माणसाला हे समजावण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी, आपण नववीत असताना, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वर्गातल्या नकाशावर बाईंनी लाल पेन्सिलीने नवी रेघ मारली. त्या एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वेचे स्टेशन आले ते एक, वडसा. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. सिरोंच्याच्या किंवा भामरागडच्या माणसाला रेल्वे पाहायची तर आधी दिवसभर एसटीने उत्तरेकडे यायचे. झाडीपट्टीच्या नाटकांचे केंद्र वडसा झाले त्यामागे बाजारपेठ आहे, तांदूळ आहे, पण माझ्या मते स्टेशनही आहे. नाटक मंडळ्यांच्या पेट्या, पडदे आणि नट छोट्या गाडीतून उतरताना मी स्वतः पाहिले आहेत.

या छोट्या रुळांवर वाफेनंतर जी डिझेल इंजिने आली ती वेगळ्याच घराण्यातली. नागपूर–नागभीड लाइनवर शेवटपर्यंत चाललेले झेडडीएम-४ए घ्या. झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. हे बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यात बनलेले, ७०० अश्वशक्तीचे. मोठ्या भावाच्या जवळजवळ चौथाई. याच्यात जनरेटर आणि मोटरी नाहीत. इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते. सुरुवातीला जोर लागतो तेव्हा एक पंखा तेल ढकलतो आणि त्या तेलाने दुसरा पंखा फिरतो. वेग आला की ही तेलाची मध्यस्थी सुटते आणि जोडणी जवळजवळ थेट होते. ही पद्धत एम. एम. सुरी या भारतीय रेल्वे अभियंत्याची आहे, तिला सुरी ट्रान्समिशनच म्हणतात. अल्कोची विद्या आपण विकत घेतली, पण नागभीडच्या जंगलातले छोटे इंजिन आपल्याच माणसाच्या डोक्यावर चालत होते. हे आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. सांगायला हवे होते.

छोट्या गाडीचा वेग सायकलवाल्याला लाजवेल असा नव्हता, हे खरे. चढावर मुले उतरून पुन्हा चढायची, हेही खरे. पण ती जंगलाच्या चालीने जायची. केळझरच्या जंगलात रुळांवर गवा उभा असला की ड्रायव्हर हॉर्न देऊन थांबायचा, आणि थांबणे त्याला जमायचे, कारण वेगच तेवढा होता.

नव्वदच्या दशकात गोंदिया–चांदा फोर्ट लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली आणि पुढे बल्लारशाहला जोडली गेली. यात वाद नाही, ही लोकांची गरज होती. ब्रह्मपुरीचा रुग्ण, वडसाचा तांदूळ, सिंदेवाहीचा विद्यार्थी, सगळ्यांना फायदा झाला. मग या लाइनवर काही वर्षे मोठी डिझेल इंजिने दिसू लागली, आणि मला कबूल करायला हरकत नाही, सिंदेवाहीच्या सागाच्या हिरव्यातून अल्को जातीच्या इंजिनाचा धूर वर जाताना पाहणे हा मोठा आनंद होता. मी केवळ तेवढ्यासाठी दोनदा मुंबईहून आलो आहे. घरच्यांना लग्नाचे निमित्त सांगितले होते.

पण वेग वाढला तसे जंगलाचे देणेही वाढले. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे मरण पावले. त्या सकाळचे फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर आले असतील. इंजिन डिझेलचे होते की विजेचे हा तिथे प्रश्नच नाही. प्रश्न हा आहे की ताडोबा आणि त्याच्या भोवतालच्या जंगलातून वाघ फिरतात ते याच पट्ट्यातून, आणि आपण रुळांमधले अंतर वाढवताना त्यांना ओलांडायला पूल किंवा बोगदे दिले नाहीत. रस्त्यावर नागपूर–जबलपूर मार्गात पेंचजवळ असे उन्नत मार्ग बांधले गेले आहेत. रुळांखालीही ते शक्य आहे. रेल्वेवर प्रेम करणाऱ्यानेच हे मोठ्याने बोलले पाहिजे असे मला वाटते, कारण जंगलावर प्रेम करणारे बोलतातच आणि त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून गप्प करता येते. मला कोणी रेल्वेविरोधी म्हणू शकणार नाही.

मोठ्या लाइनवर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तारा आल्या. आपण तोवर पांगलो होतो. दिवाळीला गावी आलो आणि पाहिले तर आकाशात जाळे, आणि गाडी कोणताही आवाज न करता सुटली. चंद्रपूरच्या ऊर्जानगरातले औष्णिक वीज केंद्र आपल्या दहावीच्या सुमारासच सुरू झाले होते. म्हणजे बघा, आपल्या कोळशाने आधी इंजिन थेट ओढले, मग कोळसा बाजूला झाला आणि खाडीतल्या देशांचे तेल आले, आणि मग तोच कोळसा वीज होऊन तारांतून परत रुळांवर आला. तीसेक वर्षांत एवढा फेरा. डिझेल हा त्यातला मधला काळ, आणि नेमका तोच आपल्या वाट्याला आला.

पुढचा इतिहास थोडक्यात. डब्ल्यूडीएम-२ चे भाऊबंद, ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए आणि मालगाडीचे डब्ल्यूडीजी-३ए, नव्वदच्या दशकात आले. नंतर जनरल मोटर्सच्या तंत्राची ४००० अश्वशक्तीची इंजिने आली. अल्कोने जिंकलेली जुनी स्पर्धा पस्तीस वर्षांनी फिरली म्हणायची. २०१९ मध्ये वाराणसीने भारतीय रेल्वेसाठी नियमित डिझेल इंजिने बनवणे थांबवले आणि २०२० मध्ये कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्दही गेला; आता ते बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. २०१९ च्याच अखेरीस नागपूर–नागभीड छोटी लाइनही ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली. गोंदिया–बल्लारशाहवरही आता तारा आहेत. वडसा–गडचिरोली या सुमारे बावन्न किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम चालू आहे. हल्ली नवे मार्ग तारांसह बांधतात. गडचिरोली शहरातली मुले पहिल्यांदा रेल्वे पाहतील तेव्हा तिला धूर नसेल.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे, २००२ पासूनचे. नातवंडांना घेऊन अवश्य जा. अमेरिकेहून आलेल्या पहिल्या डब्ल्यूडीएम-२ ला ‘अमर’ नाव आहे, ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. बाकीची बहुतेक भंगारात गेली. लोखंडाचे ठीक आहे, ते वितळते आणि पुन्हा काही होते. पण ती चालवणाऱ्यांचे काय? आपल्या वर्गातल्या निदान डझनभर मुलामुलींचे वडील बल्लारशाहच्या लोकोत, यार्डात किंवा गार्ड म्हणून होते. त्यातले आता मोजके उरले आहेत, सगळे ऐंशीच्या पुढचे. वाफेवरून डिझेलवर येताना त्यांना प्रशिक्षणाला कुठे पाठवले, पहिल्यांदा नॉच हातात घेतला तेव्हा काय वाटले, माणिकगडकडे जाताना रात्री वर्धेच्या पुलावर काय दिसायचे, हे कुठल्याही संग्रहालयात नाही.

म्हणून एक काम आहे. संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी हॉलच्या मागच्या खोलीत स्कॅनर घेऊन बसणार आहे. घरात जुने फोटो, ड्युटीचे कागद, वर्किंग टाइमटेबल, टोपीचा बिल्ला, काहीही असेल तर आणा; लगेच स्कॅन करून वस्तू परत देईन. आणि ज्यांचे वडील किंवा काका बोलू शकतात त्यांनी मला घरचा पत्ता द्या. मी संमेलनानंतर चार दिवस बल्लारपुरातच आहे, रेकॉर्डर बरोबर आहे, आणि ऐकायला मला घाई नाही. चांदा फोर्टच्या छोट्या लाइनवर काम केलेले कोणी माहीत असतील तर त्यांच्याकडे मूल, सिंदेवाही, नागभीड, कुठेही जाईन. सोबत येणार असाल तर आधी सांगा, पॅसेंजरनेच जाऊ.